उन्हात मागे पडणारं घड्याळ

आमचं युनिट हिंगणा एमआयडीसीत आहे, ठिबकचे कंट्रोलर बनवतो. एक डबा पंपाच्या खोलीत आणि एकेक डबा शेतात प्रत्येक व्हॉल्व्हजवळ खांबावर, मधे वायर नाही, रेडिओ नाही, प्रत्येकाचं आपापलं घड्याळ. व्हॉल्व्हने एक मिनिट आधी उघडायचं आणि मग मोटर चालू व्हायची, एवढाच हिशोब.

मे महिन्यात काटोलकडून एका संत्रावाल्या काकांचा फोन आला, "साहेब, मोटर टायमावर चालू होते पण व्हॉल्व्ह बंदच असतो, जोड निखळून राहिले ना बाप्पा!" बंद व्हॉल्व्हवर मोटर दाब देणार म्हणजे पीव्हीसीचा जोड जाणारच. ऑफिसात आधी सगळ्यांनी फर्मवेअरला (डब्यातल्या चिपमधल्या प्रोग्रामला) शिव्या घातल्या मग बॅटरीला, पण मला खटकलं ते हे की खोलीतल्या डब्याचं घड्याळ जवळपास बरोबर होतं आणि खांबावरची सगळी अडीच-तीन मिनिटं मागे, म्हणजे सगळी एकाच बाजूला चुकलेली.

मग एक बोर्ड टेबलावर घेतला. क्रिस्टलला, म्हणजे घड्याळाला ठोके देणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्याला, डायरेक्ट प्रोब लावला तर प्रोबच्याच कपॅसिटन्सने फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून बोर्डावरच्या मुख्य चिपच्या एका पायावर ते ठोके बाहेर काढले आणि काउंटरला, म्हणजे सेकंदाला किती ठोके ते मोजणाऱ्या यंत्राला, जोडले. एसीत आकडा 32768, हाच आकडा कारण तो 15 वेळा अर्धा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. हेअर ड्रायर लावला, क्रिस्टलला चिकटवलेला थर्मोकपल 65 अंशावर गेला (नागपूरच्या उन्हात बंद प्लास्टिकच्या डब्यात एवढं सहज होतं) आणि काउंटरवर 32766.2. हा वेग दिवसभर राहिला तर घड्याळ दिवसाला साडेचार सेकंदांहून जास्त मागे पडतं, रात्री मागे पडणं कमी होतं म्हणून उन्हाळाभरात तीन मिनिटांवर थांबलं.

फर्मवेअरवाला म्हणाला मग हिवाळ्यात पुढे जाऊन भरून निघेल की! मी तिथेच फ्रीझ स्प्रे मारला. आकडा वर चढला, 25 अंशाच्या आसपास परत 32768 झाला आणि थंडी वाढली तसा पुन्हा खाली आला, उणे 10 ला 32766.6. घड्याळातलं क्वार्ट्झ गरमीतही मागे पडतं आणि थंडीतही, आणि अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने, म्हणजे 25 पासून दुप्पट लांब गेलं की चूक चौपट. भरून निघायचा प्रश्नच नाही. तो बराच वेळ काउंटरकडे बघत बसला होता.

त्याच संध्याकाळी क्रिस्टलच्या जागी मेम्स ऑसिलेटर लावून बघितला, दीड बाय 0.8 मिलिमीटरची चिप, आत व्हॅक्यूममधे थरथरणारा सिलिकॉनचा बारीक तुकडा. मला ही चिप मनापासून आवडते. नुसतं सिलिकॉन तर क्वार्ट्झपेक्षा कितीतरी जास्त सरकतं, अंशाला 30 पीपीएमच्या (दहा लाखात 30 भाग) आसपास, पण सरळ रेषेत सरकतं, म्हणून शेजारचा टेंपरेचर सेन्सर बघून चिप स्वतःच तेवढी दुरुस्ती करते. उणे 40 ते 85 पर्यंत प्लस-मायनस 5 पीपीएम, दिवसाला अर्ध्या सेकंदाच्या आत. क्रिस्टलला दोनच पाय, हिला सप्लाय लागतो, म्हणून बोर्डात थोडा बदल करावा लागला. ड्रायर लावून ठेवला तरी आकडा जागचा हलेना, तेव्हा मी जोरात हाक मारून सगळ्यांना बोलावलं.

मालक इतके खूश की म्हणाले आता सगळ्याच प्रॉडक्टमधे हेच टाका. एका ऑर्डरला मी नाही म्हटलं, ती होती हॉस्पिटलच्या एमआरआयच्या मशीन रूममधल्या लॉगरची, म्हणजे वेळेसकट नोंदी ठेवणाऱ्या डब्यांची. एमआरआयत द्रव हीलियम असतो, गळला की वायू होऊन पसरतो आणि त्याचे अणू इतके बारीक की काही चिपांच्या सीलमधून आत शिरून व्हॅक्यूम बिघडवतात. 2018 साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका हॉस्पिटलात एमआरआय बसवताना हेच झालं, कितीतरी आयफोन बंद पडले, नंतर हीलियम बाहेर निघाल्यावर बरेच आपोआप चालूही झाले. शिवाय त्या खोलीत बारा महिने एसी, तिथे क्वार्ट्झ सरकतंच कुठे? म्हणून हॉस्पिटलच्या लॉटला साधं क्रिस्टल ठेवलं आणि खांबावरचे सगळे डबे पावसाळ्याआधी बदलून दिले, सुरुवात काटोलच्या काकांपासून.