तीनशेची तयारी आणि काकांचा प्रश्न

मंगळवार, रात्र

पाय ठणकतायत आणि झोप काही येत नाहीये म्हणून लिहीत बसलेय. पुढच्या शनिवारी तीनशेची बीआरएम, म्हणजे तीनशे किलोमीटर सायकल ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची, शर्यत नव्हे. पहाटे पुण्यातून निघायचं, साताऱ्याच्या बरंच पुढे जाऊन परत यायचं, मुदत वीस तास. ऐकणाऱ्याला वाटतं वीस तास म्हणजे भरपूर की, पण घड्याळ मध्ये थांबत नाही ना, जेवण, पंक्चर, टपरीवरचा चहा, कंट्रोलला म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घेणं हे सगळं त्याच वीस तासांत, म्हणजे सगळं धरून सरासरी ताशी पंधरा किलोमीटरच्या खाली गेली की संपलं.

वेगळं ट्रेनिंग करायला वेळ कुठेय. ऑफिसची ये-जा हेच माझं ट्रेनिंग. कर्वेनगर ते हिंजवडी, वारज्यापासून सर्व्हिस रोडने चांदणी चौकाचा चढ, मग बावधन, सूस, बाणेर करत वाकड. चांदणी चौकात 2023 मध्ये नवीन पूल झाला, गाडीवाल्यांची छान सोय झाली, सायकलवाल्याने मात्र कुठल्या रॅम्पला लागायचं हे मागून बस येतेय का बघत बघत रोज नव्याने ठरवायचं. आज तो चढ मुद्दाम जड गिअरवर काढला. पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला अडकवलेल्या बॅगेत, लॅपटॉप, डबा, बदलायचे कपडे, टाळं, सगळं मिळून बऱ्यापैकी वजन होतं, शनिवारी खंबाटकी घाटात ते नसेल एवढाच दिलासा. वाकडच्या पुढे वेगाबिगाचं नाव काढायचं नाही, मेट्रोच्या कामाची धूळ खात रिक्षा आणि कंपनीच्या बसमधून वाट काढायची, तिथे फक्त सहनशक्ती वाढते. तीही लागतेच म्हणा. ऑफिसात सायकलला स्टँड नाही, पण सिक्युरिटीवाले दादा जनरेटरमागे लावू देतात आणि वर लक्षही ठेवतात.

यावेळी पहिल्यांदाच किलोमीटरमागे पैसे गोळा करतेय. ज्याला जे जमेल ते, एक रुपया, दोन, पाच, मी जेवढं अंतर कापेन तेवढ्याचे. पैसे बीडकडच्या एका लहानशा संस्थेला, थेट त्यांच्या खात्यात, माझ्या जीपेवर काहीच नाही, हिशोबावरून उगाच मैत्रीत वाकडं नको. संस्था ऊसतोड कामगारांची मुलं सांभाळते. दसरा-दिवाळी झाली की जोडपी फडावर निघतात, मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते, ती फिटेपर्यंत चार-पाच महिने तिकडेच. मुलं बरोबर गेली की शाळा बुडाली. गावातच राहायची-जेवायची सोय झाली तर वर्ष वाचतं.

तर रविवारी काकांकडे गेले होते, तिथे विषय काढला. काका म्हणाले, "अगं पैसे द्यायचे तर माणसाने सरळ द्यावेत, त्यासाठी तू तीनशे किलोमीटर ढुंगण सोलून घ्यायची काय गरज?" काकूने विचारलं कितवा नंबर येतो. म्हटलं नंबर नसतो, बक्षीस नसतं, मेडल हवं असेल तर त्याचेही वेगळे पैसे भरायचे. यावर काका जे हसलेत. मग नाशिकच्या महाजन डॉक्टर भावांचं सुरू केलं, 2015 ला त्या दोघांनी अमेरिकेतली रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत, पूर्ण केली, 4800 किलोमीटरच्या आसपास, समुद्र ते समुद्र, ते खरे सायकलवाले म्हणे. ते आहेतच, मी कुठे नाही म्हणतेय.

पण काकांचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये, कारण खरं सांगायचं तर मी बीआरएम अशीही केलीच असती, मला आवडतं म्हणून. माझ्या हौसेला लोकांनी पैसे का द्यावेत? आज चढावर पण हाच विचार. एवढं मात्र खरं की नुसता संस्थेचा मेसेज टाकला असता तर ग्रुपवर दोन नमस्कार आणि एक अंगठा आला असता, आता लोक विचारतात तरी, अगं पण बीडच का.

बीडच का, तर मागच्या हिवाळ्यातली दोनशे. परतताना भुईंजच्या अलीकडे अंधारलं. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. आणि माझ्या अंगावर चमकणारं जाकीट, मागे लाल दिवा, कारण त्याशिवाय आम्हाला रात्री चालवूच देत नाहीत. त्याला पुढे जाऊ दे म्हणून थांबले, चिक्की काढली. रस्त्याला लागूनच ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या, पाचटाच्या, वर प्लास्टिक टाकलेलं. तिथून एक मुलगी आली, कडेवर धाकटा भाऊ. आधी गिअर बघितले, मग हँडलवरचा लाईट बोटाने बंद केला, चालू केला, परत बंद केला. सायकल केवढ्याला? मी खरी किंमत काही सांगितली नाही. कितवीत आहेस विचारलं तर म्हणाली, "तिसरीत होते." अर्धी चिक्की भावाच्या हातात दिली, तोपर्यंत आतून हाक आली आणि गेली ती.

हे काकांना सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी फोनवर सांगितलं. ते हं हं करत राहिले आणि विषय बदलून हेल्मेट चांगलं आहे का विचारलं.

आत्ता त्यांचा मेसेज आलाय. किलोमीटरला पाच. मध्येच सोडलंस तर झालेल्या अंतराचेच मिळतील, आणि करसवलतीसाठी 80जीची पावती पाहिजे. म्हणजे आता त्यांचा पॅन नंबर घ्यायचा, तो फोनवर सांगणं धोक्याचं असतं असं त्यांचं ठाम मत आहे, त्यामुळे गुरुवारी ऑफिसवरून येताना वाकडी वाट करून घरी जाणं आलं. तेवढेच चार किलोमीटर जास्त.