इंजेक्शन तेच, दवाखाना वेगळा

माता-बाल आरोग्यावरच्या संशोधनाची टिपणं करून बैठकीत मांडणं हे माझं काम. वरिष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, सिद्ध झालंय ना? मग अडलंय कुठे?"

डेक्सामेथासोन या औषधाचंच घ्या. बाळ दिवस भरण्याआधी होणार अशी लक्षणं दिसली की आईला ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर बारा तासांनी एक. बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. या जातीच्या औषधाचा गुण लिगिन्स आणि हाउवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ सालीच दाखवला होता. स्वस्त औषध, टोचायला सोपं. मग गावोगाव का नेऊ नये?

तर नेऊन पाहिलं. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, अर्जेंटिना, ग्वाटेमाला. २०१५ साली निकाल छापून आला. जिथे औषध पोचवलं, तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे साडेतीन नवजात बाळं जास्तच दगावली. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. असं का, यावर अजून वाद घालता येईल. पण पाळीची तारीख पक्की नसली की पोटावर टेप लावून आठवडे ठरवायचे, हा त्यातला एक भाग होता. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं फार लहान नव्हतीच.

मग २०२० साली पाच देशांतल्या २९ रुग्णालयांचा निकाल आला. आठवडे सोनोग्राफीने मोजलेले, बाळाची काळजी घेणारी माणसं हाताशी. औषध मिळालेल्या गटात १९.६ टक्के नवजात दगावले, दुसऱ्या गटात २३.५. भारत, पाकिस्तान, केनिया याही यादीत होतेच, म्हणजे फरक देशाचा नव्हता.

नाळेला लावायच्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचंही असंच. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानात मृत्यू घटले, झांबिया आणि टांझानियात तसा फरक दिसला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. खर्च नको असला की "आमच्याकडची परिस्थिती वेगळी" हे वाक्य फार कामाला येतं! म्हणून मी खोदून विचारते, वेगळं नेमकं काय? परवा एका अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं, "सोनोग्राफीचं मशीन आहे, चालवणारे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात." ते मी टिपणात सगळ्यात वर घातलं, औषधाच्याही आधी.