कोपऱ्यातला बाण

रविवार, रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

दुपारी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ठेवता ठेवता म्हणाली, चिठ्ठी वाचलीस ना गं? म्हटलं हो, वाचली की, फोटो पण काढलाय, भारी आलाय, थांब पाठवते. पाठवला. पाच मिनिटांनी तिचा मेसेज, "फोटो छान आलाय. मागचं वाचलंस?"

मागचं?

चिठ्ठीला मागची बाजू होती हे मला आज रविवारी कळतंय. ताई गुरुवारी सकाळी गेली. मी अंघोळीला होते, बाहेर आले तर टेबलावर कागद, उडू नये म्हणून त्यावर अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास, आणि खिडकीतून ऊन असं काही आडवं आलेलं की पाण्यातून जाऊन कागदावर उजेडाची एक वाकडी रेघ उमटली होती, तिच्या अक्षराच्या बरोबर बाजूला. मी ओल्या केसांनी तशीच उभी राहून नऊ फोटो काढले. नऊ! पांढरा कागद कॅमेऱ्याला नेहमी फसवतो, त्याला वाटतं समोरचं सगळं मध्यम करडंच असणार, मग तो कागद मळका करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वर नेलं, म्हणजे फोटोतला उजेड दुप्पट केला. हे सगळं मला लख्ख आठवतंय. ती रेघ, ग्लासची सावली, पंख्याने कागदाचं टोक कसं उचललं जात होतं ते. आणि चिठ्ठीत काय होतं? गॅस बंद केलाय, चावी नेहमीच्या जागी, झाडाला पाणी घाल.

झाडाला पाणी मी आज दुपारी घातलं, फोन ठेवल्यावर. तीन दिवसांनी. मान टाकली होती बिचाऱ्याने.

म्हणजे मी वाचलंच नव्हतं का? वाचलं असणार, अक्षरं डोळ्यांखालून गेलीच ना. पण फोटो काढला की डोक्यात कुठेतरी खटका बंद होतो, झालं, आलं आपल्याकडे, आता निवांत. यावर एक अभ्यास झालेला आहे हे मला माहीत होतं, मीच कधीतरी कुणालातरी मोठ्या शहाणपणाने सांगितलंय. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्रज्ञ, त्यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. 2014 साली छापून आलं ते. त्यात एक गंमत होती, वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला असेल तर मात्र आठवण तेवढी पुसट होत नव्हती. आता मी झूम केलं होतं की! उजेडाच्या रेघेवर. रेघ आठवतेय.

खरा कागद गेला. त्याच गुरुवारी संध्याकाळी ग्लास उचलला तर तळाला चिकटून वर आला, ओला झालेला, मी सोडवला आणि गोळा करून टाकून दिला. मागे वळवून बघायचं मनातही आलं नाही. आणि टाकताना अपराधी वगैरे काही वाटलं नाही कारण फोटो आहे ना. हेच, हेच मला आज दिवसभर टोचतंय, "फोटो आहे ना".

ही सवय लागली ती एका बिलामुळे. वॉरंटीसाठी जपून ठेवलेलं बिल दीड वर्षाने काढलं तर कोरं पांढरं. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि ऊन लागलं, दिवस गेले की ते काळं उडून जातं. तेव्हापासून मी सगळ्याचे फोटो काढते. पार्किंगच्या खांबाचा नंबर, वायफायचा पासवर्ड, लिफ्ट बंद असल्याची नोटीस, मीटिंगमधला फळा, शेजारच्या पोरीने दारात सरकवलेलं "तुमच्याकडे आमचा बॉल आलाय". सुरुवातीला नुसतं कामापुरतं होतं, मग त्यात मजा यायला लागली, घाईतलं अक्षर, खोडलेला शब्द, पानाच्या कडेला संपत आलेली जागा आणि तिथे कोंबलेली शेवटची तीन अक्षरं. आज अल्बम मोजला, सहाशे चाळीस चिठ्ठ्या. त्यात बाबांच्या गोळ्यांच्या वेळांचा एक आहे. तो डिलीट करायला जाते दरवेळी आणि. जाऊ दे.

सहाशे चाळीस कागदांच्या पुढच्या बाजू माझ्याकडे आहेत आणि मागची एकही नाही.

ताईला लगेच फोन केला. म्हटलं सॉरी, मागचं राहिलं, काय होतं? ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "काही नाही गं, जाऊ दे." ताईचं "जाऊ दे" ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. बुधवारी रात्री पण तिने हेच म्हटलं होतं आणि दिवा घालवला होता. मला आधी रडूच आलं. माणूस आपल्या घरी चार दिवस राहतं, तोंडावर जे बोलता येत नाही ते जाताना कागदाच्या मागे लिहून ठेवतं आणि आपण उजेड बघत बसतो. असं कोण असतं? आयुष्यात किती जणांनी मला मागच्या बाजूला काहीतरी लिहून दिलं असेल इथपर्यंत मी पोचले, संध्याकाळपर्यंत तर मी जगातली सगळ्यात आतल्या गाठीची आणि थंड बाई होते.

मग सात-साडेसातला डोकं जरा चाललं. ताईला पाठवला तो फोटो क्रॉप केलेला होता! माझ्या फोनमध्ये क्रॉप केलं तरी मूळ फोटो आत शाबूत असतो, एडिट काढून टाकलं की सगळं परत येतं. काढलं. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात बाण. चांगला ठसठशीत, दोनदा गिरवलेला बाण, खाली "मागे बघ". मी तो कापला होता कारण तो कोपरा जड वाटत होता. कॉम्पोझिशन बिघडवत होता म्हणे.

टॅल्बट, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी एक, त्याने 1840च्या दशकातच लिहून ठेवलंय की फोटो काढणाऱ्यालाच नंतर कधीतरी फोटो नीट बघताना अशा गोष्टी सापडतात ज्या काढताना त्याच्या गावीही नव्हत्या, इमारतीवर कोरलेल्या तारखा, भिंतीवरची पत्रकं, लांबच्या घड्याळात वाजलेली वेळ. त्याला त्याचं कौतुक वाटत होतं. त्याला बहीण अशी चिठ्ठी लिहून गेली नव्हती.

पण मग त्याच्याच वाटेने गेले. ताई बॉलपेन दाबून लिहिते, लहानपणी तिच्या वहीच्या पुढच्या तीन पानांवर उमटायचं. आणि ऊन आडवं होतं. आडव्या उजेडात कागदावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, म्हणजे मागून दाबलेली अक्षरं पुढच्या बाजूला फुगून, उलटी दिसायला हवीत. नऊही फोटो लॅपटॉपवर घेतले, ब्लॅक अँड व्हाइट केले, कॉन्ट्रास्ट फाटेस्तोवर वाढवला, आरशासारखे उलटवले. सहाव्यात दिसलं. झाडाच्या पाण्याच्या ओळीखालून एक सबंध ओळ जातेय, सुरुवात ग्लासच्या सावलीत गडप, शेवट मात्र वाचता येतो.

"...गू नकोस."

आणि त्याच्या आधीचं अक्षर. ते स आहे की म आहे हे मला कळत नाहीये. ताईच्या अक्षरात स आणि म यांचा कायमच घोळ. वर एक ठिपका आहे, तो अनुस्वार धरला तर "सांगू नकोस", आणि कागदाचा कण धरला तर "मागू नकोस". सांगू नकोस असेल तर तिने मला काहीतरी सांगितलंय, बुधवारीच, आणि मी ते कुणाला सांगायचं नाहीये. मागू नकोस असेल तर ते बुधवारच्या विषयाला धरून आहे आणि मग ती रागावून गेलीये. दोन तास मी एका ठिपक्याकडे बघतेय. चारशे टक्के मोठा केला की तो ठिपकाही राहत नाही, नुसते चौकोन होतात.

मधेच हसू आलं. इतक्या बारकाईने मी ताईचं आजवर काहीच वाचलेलं नाही. तिने आठ ओळींचं पत्र हातात दिलं असतं तर अर्ध्या मिनिटात घडी घालून ठेवलं असतं मी.

शेवटी साडेअकराला तो उलटवलेला, काळाकुट्ट फोटो तिला पाठवला, ठिपक्याभोवती लाल गोल करून. खाली लिहिलं, "स की म?"

ती जागीच होती. टायपिंग, टायपिंग, बंद. परत टायपिंग. मग आलं ते हे: अंगठा. नुसता पिवळा अंगठा.

आता या अंगठ्याचं काय करायचं. स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.