सूप टेकू देईना

बाई साठीच्या पुढच्या, जन्मभर बिड्या वळलेल्या. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. सकाळी नऊला सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. तीन दिवस उलट्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून दोनदा इंजेक्शन आणि एकदा सलाईन दिलेलं. पोट फुगलेलं, जीभ सुकलेली, आणि उलटी आता हिरवी राहिली नव्हती, तपकिरी झाली होती, शौचासारखा वास मारत होती. असा वास येतो तेव्हा आतडं केव्हाचं तुंबलेलं असतं. पित्ताचं इंजेक्शन देणाऱ्यांनी एकदा पोटावर हात तरी ठेवायला हवा होता. पण त्यांना बोलण्याचा अधिकार मला किती आहे, ते पुढे येईलच.

उभं करून काढलेल्या एक्स-रेत पाण्याच्या पातळ्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. बेंबीखाली कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा जुना व्रण होता. तो पाहिला आणि माझं निदान तिथंच ठरलं: जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलीत. अशा रुग्णाचं पोट मऊ असेल तर नाकातून नळी, शिरेतून पाणी आणि थोडी वाट बघणं चुकीचं नाही, बरेचजण ऑपरेशनशिवाय मोकळे होतात. नाडी जलद, 110 होती. ती मी पाणी कमी पडल्याच्या खात्यावर टाकली. पोटॅशियमही उतरलेलं होतं, ते भरायला घेतलं.

बोलता बोलता बाई म्हणाल्या होत्या, "तीन दिवस झालं मॅडम, सूप मांडीवर टेकूच देईना बघा." पानं, तंबाखू, दोरा, सगळं त्या सुपात असतं आणि सूप दिवसभर मांडीवर. मला वाटलं, अशक्तपणा आलाय, काम होत नसेल.

अकरा वाजता सिस्टर लघवीची नळी घालायला गेल्या आणि धावत बाहेर आल्या. "मॅडम, उजव्या जांघेत काहीतरी हाताला लागतंय."

सुपारीएवढी गाठ. जांघेच्या घडीच्या जरा खाली, घट्ट, वरची कातडी तांबूस. खोकायला लावलं तर हलेना, बोट लावलं की बाई कळवळत. फिमोरल हर्निया. मांडीच्या मोठ्या शिरेला लागूनच एक अरुंद वाट असते, तिच्या कडा टणक, ताणायला जागाच नाही. आतड्याचा तुकडा तिथं शिरला की रक्त बंद व्हायला वेळ लागत नाही. पुरुषांपेक्षा बायकांत हा जास्त, आणि लुगड्याच्या निऱ्यांखाली दिसतच नाही. अशी गाठ दाबून आत ढकलायची नसते, मेलेलं आतडं पोटात गेलं तर विष पसरतं. आतडं अडलेल्या प्रत्येकाच्या दोन्ही जांघा बघायच्या, हे मी इंटर्नना दरवर्षी ओरडून सांगते. मी स्वतः बाई. लाजेचंही कारण नव्हतं. कमरेची गाठ सैल करून चार बोटं खाली हात न्यायचा होता, एवढंच.

यात्रेमुळे रस्ते बंद, भूलतज्ज्ञ गाडी लांब लावून चालत आले. टेबलावर घ्यायला एक वाजून गेला. जांघेवरचा छेद पुरला नाही, पोट उघडावं लागलं. कडा कापून आतडं सोडवलं, कोमट सलाईनच्या कापडात गुंडाळलं, भूलतज्ज्ञांना पूर्ण ऑक्सिजन द्यायला सांगितलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. दहा मिनिटं. ही दहा मिनिटं ऑपरेशन थिएटरात कोणी बोलत नाही. कापड उघडलं. अडकलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजू गुलाबी झाल्या होत्या, चिमटा लावला की आकुंचन पावत होत्या. मधला वीतभर भाग काळपट, निस्तेज, त्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यातल्या रक्तवाहिनीचा ठोका बोटाला लागेना. तेवढा कापला आणि टोकं जोडली. दोन तास आधी सोडवलं असतं तर तो वाचला असता का? रंग आठवला की वाटतं, नाही, आदल्या दिवशीच गेला असावा. मग नाडी आठवते.

बाई बऱ्या झाल्या. टाके काढताना सून म्हणाली, "आत्या पहिल्यापास्नं सूपच म्हणत होत्या."

रात्री केस पेपर काढला. माझ्याच अक्षरात उलट्या, पोटफुगी, जुना व्रण, बिडीकाम, सगळं आहे. सुपाचं वाक्य नाही.