कोपऱ्यावरचं हॉटेल आणि रिकामा मंगळवार

मागच्या महिन्यात सांगलीहून मामेभावाचा फोन आला, ताई, शंभर फुटी रोडला एक गाळा बघितलाय, तीस खुर्च्या आरामात बसतात, काढू का हॉटेल? आता मी काय हॉटेलवाली आहे का! मी इथे जर्मनीत श्टुटगार्टला गाड्यांच्या पार्टचं टेस्टिंग करते, दिवसभर एक वस्तू हलवून हलवून ती कधी तुटते ते बघते. पण आपल्याकडे असं आहे ना, माणूस बाहेर राहायला गेला की त्याला इन्कम टॅक्सपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं कळतं असं गृहीत धरतात. मी म्हटलं बघून सांगते. आणि मग खरंच बघायला लागले, कारण आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर 2018 पासून माझ्या डोळ्यासमोर एकाच जागेत चौथं हॉटेल चालू आहे.

आम्ही राहतो तो भाग फॉयरबाख. एका बाजूला द्राक्षाचे मळे, दुसऱ्या बाजूला बॉशचा जुना कारखाना, आणि मधे आम्ही. इथली हवा सध्या कशी आहे ते सांगायचं तर 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली आणि 2025 मधे जेमतेम हलली, त्यात हे शहर गाड्यांवर जगणारं, त्यामुळे सप्टेंबर 2025 ला बॉशने अजून 13,000 नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा आमच्या बेकरीच्या लाईनीत सुद्धा कुणी बोलत नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत कुर्त्सआर्बाइट चालू आहे, म्हणजे काम कमी, तास कमी, बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकार भरून देतं. पाच दिवसांपैकी दोन दिवस हा माणूस घरी बसून मला भाजी कशी चिरायची ते शिकवतो.

तर कोपऱ्यावरची जागा. आम्ही आलो तेव्हा तिथे एक म्हातारं जोडपं अस्सल इथल्या पद्धतीची खानावळ चालवायचं, लाकडी बाकं, भिंतीवर हरणाची शिंगं, आणि मसूर आणि श्पेत्झले, म्हणजे अख्खे मसूर घट्ट शिजवून बाजूला घरच्या अंड्याच्या शेवया आणि वर सॉसेज. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला पेठ नाक्याचा आख्खा मसूर आठवून रडू यायचं बाकी होतं, फक्त ह्यांच्यात तिखटाच्या जागी व्हिनेगर. लॉकडाऊनमधे ते बंद झालं ते झालंच, आजोबा म्हणाले आता पुन्हा पेटवायची ताकद नाही. मग बर्गरवाला आला, 2024 च्या सुरुवातीला गेला. मग भाताच्या वाडग्यात कच्चा मासा घालून देणारी दोन तरुण पोरं आली, एका वर्षात गेली. आणि मागच्या सप्टेंबरपासून आहेत अंतेपचे नवरा-बायको, तुर्की, पण तो इथेच जन्मलेला आणि एकोणीस वर्षं गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात मशीनवर होता.

मला आधी कळायचंच नाही की एवढी मंदी आहे, लोक नोकरी जाईल म्हणून घाबरलेत, आणि तरी नवीन हॉटेलं निघतात कशी. त्याने सांगितलं तेव्हा कळलं की मंदी आहे म्हणूनच निघतात! कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा त्याला एकरकमी पैसे मिळाले, इथे साधारण हिशोब असा धरतात की नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार, मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. हातात पैसे, वय 47, दुसरीकडे नोकरी नाही, बायकोच्या हाताला चव. आणि त्याच वेळेला कोपऱ्यावरची जागा रिकामी, आत स्वयंपाकघर तयार, एक्झॉस्ट आहे, फ्रीज आहे, भांडी धुवायचं मशीन आहे. इथे जुन्या भाडेकरूला ह्या सगळ्याचे पैसे देऊन आत शिरायचं असतं, त्याला अब्लोझं म्हणतात, आपल्या पागडीची लांबची बहीण समजा. चांगल्या दिवसात त्याच जागेला जेवढे मागितले असते त्याच्या निम्म्यात ती त्याला मिळाली कारण वाडगेवाल्या पोरांना पळायची घाई होती. म्हणजे एकाचं बुडालेलं हॉटेल हेच दुसऱ्याचं भांडवल. त्याच्या तळणाच्या कढईवर अजून बर्गरवाल्याचा स्टिकर आहे.

बीअर कंपनीवाले पण आले होते म्हणे त्याच्याकडे. ही इथली जुनी पद्धत आहे, कंपनी तुम्हाला काऊंटर, कूलिंग, टेबलं, कधी कधी रोख कर्ज सुद्धा देते आणि बदल्यात तुम्ही पुढची अमुक वर्षं अमुक इतकी बीअर त्यांच्याकडूनच घ्यायची लिहून देता. आता जर्मन माणूस बीअर कमी प्यायला लागलाय, आणि तेवढी खपली नाही तर ते ओझं तुमच्या डोक्यावर. त्याने नको म्हटलं. आपल्याकडे कोल्ड्रिंकवाले फ्रीज देतात आणि त्यात फक्त आमच्याच बाटल्या ठेवा म्हणतात ना, तेच, फक्त मोठ्या मापाचं.

टॅक्सची गंमत ऐका. हॉटेलात बसून खाल्लं तर 19 टक्के आणि तेच खाणं बांधून नेलं तर 7 टक्के, असा इथे वर्षानुवर्षं नियम होता, म्हणून काऊंटरवर पहिला प्रश्न, इथे खाणार की नेणार? कोव्हिडमधे जुलै 2020 पासून बसून खाण्यालाही कमी दर केला (पहिले सहा महिने 5, मग 7), 1 जानेवारी 2024 ला परत 19 केला (बर्गरवाला तेव्हाच आडवा झाला), आणि आता 1 जानेवारी 2026 पासून पुन्हा 7, पण फक्त खाण्यावर, पिण्यावर 19 च. मी कागदावर मांडून बघितलं, 12 युरोच्या ताटात आधी 1.92 युरो सरकारचे जायचे, आता 79 सेंट जातात. म्हणजे ताटामागे 1.13 युरो सुटले. मी अंतेपवाल्याला म्हटलं अभिनंदन, तो म्हणाला थांब, त्याच तारखेला किमान पगार तासाला 12.82 वरून 13.90 झालाय. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. लोकांना वाटलं होतं आता जेवण स्वस्त होणार, गल्लीतल्या एकानेही मेन्यूकार्ड बदललं नाही. मला त्यात चूक काही दिसत नाही. मामेभावाला मात्र मी हे सांगितलं तर म्हणतो, आपल्याकडे 5 टक्केच आहे ताई, टेन्शन नाही. अरे पण 2017 च्या नोव्हेंबरपासून त्या 5 टक्क्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही ना, म्हणजे गाळ्याच्या भाड्यावर, एसीवर, फर्निचरवर तू भरलेला जीएसटी गेला तो गेलाच, ते धर हिशोबात.

आता कबुलीजबाब. सगळ्यात वाईट गिऱ्हाईक कोण तर आम्ही. आम्ही म्हणजे इथले आपले लोक. अंतेपवाल्याचं हॉटेल उघडल्यावर पहिल्याच शनिवारी मोठ्या उत्साहाने पाच जण गेलो, तीन डिश मागवल्या, वाटून खाल्ल्या, आणि प्यायला? नळाचं पाणी, पाच ग्लास, परत एकदा भरून. दोन तास बसलो, गप्पा मारल्या, टिप गोल करून दिली आणि वाटलं आपण गल्लीतल्या माणसाला किती मदत केली. नंतर ओळख वाढल्यावर त्याने हिशोब दाखवला तेव्हा मी मान खाली घातली. ताटाच्या किमतीतला ढोबळ एक तृतीयांश किराण्यात, एक तृतीयांश पगारात, उरलेल्यात भाडं, वीज-गॅस, विमा, कर्जाचा हप्ता. ताटात त्याला फार काही सुटतच नाही, सुटतं ते लिंबाच्या सरबतात आणि चहात. आणि मंदीत लोक बाहेर जेवायला जायचं एकदम थांबवत नाहीत, ते दुसरा ग्लास मागवायचं थांबवतात. गिऱ्हाईक तेवढंच दिसतं, खुर्च्या भरलेल्या दिसतात, गल्ला मात्र हलका. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात चाललंय!

पण खरा वैरी मंगळवार. शुक्रवार-शनिवार सगळ्यांचेच भरतात, त्यावर कुणी उड्या मारू नयेत. पूर्वी म्हणे दुपारी ऑफिसवाल्यांची झुंबड असायची, आता अर्धे लोक घरून काम करतात. मंगळवारी दुपारी मी मुद्दाम दोन वाजता डोकावले तर अकरा टेबलांवर मिळून तीन माणसं, एक म्हातारी कुत्र्याला घेऊन, एक पार्सलवाला आणि तिसरी मी. आतून मसूराच्या सूपाचा वास, लाल मसूरडाळ, वर तुपात पुदिना आणि तिखट परतून ओतलेलं, शेजारी लिंबाची फोड. तुर्कीत मसूराला मर्जिमेक म्हणतात. त्याची बायको त्या एकट्या म्हातारीच्या वाडग्यावर सुद्धा फोडणी ताजी करून घालते, आणि बाहेर तिचा नवरा पुसलेली टेबलं परत पुसतो. रिकाम्या हॉटेलात मालकाला टेबल पुसताना बघणं फार जड जातं हो.

मला आमच्या मामांची मेस आठवली. विश्रामबागला, वालचंद आणि विलिंग्डनची पोरं, चाळीसेक ताटं दोन्ही वेळची, रविवारी फिस्ट. महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे, नाही तर सहा तारखेला मामा ताटाऐवजी नुसतं तोंडाकडे बघायचे. आधी सांगून गेला तर खाडे कापायचे, न सांगता गेला तर नाही. मामा म्हणायचे, "हॉटेलवाला गिऱ्हाईकाची वाट बघतोय, माझी पोरं ताटाची वाट बघत्यात, लई फरक हाय." तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं. आता कळतंय की त्यात सगळा धंदा होता. पैसे आधी, किराणा नंतर, आणि उद्या किती ताटं लागणार ते आज रात्रीच माहीत, त्यामुळे भाकरी उरायची नाही, आमटी वाया जायची नाही. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा सुद्धा मेस चालू होती, आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, भाजी मिळाली नाही तर पिठलं-भात. तिला बंद पाडलं ते लॉकडाऊनने. 22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू आणि पाठोपाठ पोरं आपापल्या गावाला, सगळ्यांचे महिन्याचे पैसे भरलेले. मामांनी वहीत एकेकाच्या नावापुढे लिहून ठेवलं, 9 दिवस जमा. पुढे पोरं सामान न्यायला, परीक्षेला म्हणून येत राहिली तशी मामीने त्यांना घरात बसवून ते नऊ दिवस जेवू घातले, मेस बंद झालेली असताना. वही अजून आहे, दोन-तीन नावं राहिलीत.

तर हे सगळं मी त्या अंतेपवाल्याला एका मंगळवारी सांगितलं, मोडक्यातोडक्या जर्मनमधे, खाडे ह्या शब्दाला काय म्हणायचं तेच सुचेना. त्याने ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी काऊंटरवर पिवळी कार्डं, दहा दुपारच्या सूप-ब्रेडचे पैसे आधी भरा, अकरावं फुकट, मंगळवार ते गुरुवारच चालेल. मीच पहिलं घेतलं, नवऱ्याने दुसरं (कुर्त्सआर्बाइटवाल्याला दुपारी कुठे तरी जायला हवंच असतं), कुत्रेवाल्या आजींनी तिसरं. मागच्या मंगळवारी अकरा माणसं होती. अकरा म्हणजे काही ढीग नाही, पण तो म्हणाला आता निदान सकाळी किती डाळ भिजवायची ते कळतं. मी म्हटलं लाल मसूरडाळ भिजवता कशाला, तर बायको आतून म्हणाली, तो भिजवत नाही, तो नुसता बोलतो.

जाता जाता एक, इथे द्राक्षमळेवाले वर्षातले काही आठवडे घराला एक झाडू टांगतात, झाडू दिसला की समजायचं आज यांच्याकडे घरची वाईन आणि साधं जेवण मिळणार. कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीस खुर्च्या. भाडं नाही, नोकर नाहीत, घरचेच राबतात, मोसम संपला की झाडू आत. मंदीत ह्यांना काही फरक पडलेला मला तरी दिसला नाही. मामेभावाला मी हेच म्हटलं की आधी घरच्या पुढच्या खोलीत मामांची मेस परत चालू कर, वीस ताटं कर, गाळा कुठे पळून जात नाही. तो म्हणाला बघतो ताई. आपल्याकडे बघतो म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे.

परवा त्याचा मेसेज आला, गाळ्याला टोकन दिलंय. मी विचारलं आठवड्याची सुट्टी कधी ठेवणार? तर म्हणे सुट्टी कशाला, सातही दिवस चालू, सकाळी मिसळ, रात्री तांबडा-पांढरा. मी हे जाऊन कोपऱ्यावर सांगितलं, कारण अंतेपवाल्यानेही सुरुवातीला सातही दिवस चालू ठेवलं होतं, नोव्हेंबरात बायकोची पाठ धरली तेव्हापासून सोमवार बंद.

त्याने विचारलं, वय किती त्याचं?

म्हटलं सत्तावीस.

लग्न?

अजून नाही.

बरं, म्हणाला, आणि माझ्या पिवळ्या कार्डावर शिक्का मारून सूप आणायला आत गेला.