लेडलीचा डावा गुडघा

रविवार, रात्री

आज दवाखाना बंद. दुपारभर जुने सामने लावून बसलो होतो. बायको म्हणाली, सुट्टीच्या दिवशीही गुडघेच बघताय. खोटं नाही. फिजिओथेरपीच्या धंद्यात माणसाला ही खोड लागते. खेळाडू वळला की आधी त्याचा घोटा दिसतो, चेंडू नंतर.

आज बघितला तो लेडली किंग. लंडनच्या टॉटनहॅम या फुटबॉल क्लबचा सेंटर बॅक, म्हणजे बचावातला मधला गडी. दवाखान्यात येणाऱ्या पोरांना त्याच्या काळातले दुसरे इंग्लिश बचावपटू, टेरी, फर्डिनंड, ठाऊक असतात. किंगचं नाव काढलं की एखादा म्हणतो, ‘सराव न करता खेळायचा तोच ना?’ तोच. पण ही एवढीच ओळख उरावी याची मला चीड येते. सराव बंद झाला तो शेवटच्या काही वर्षांत. त्याच्या आधी बरंच काही घडून गेलं होतं.

पूर्व लंडनमधल्या बो भागातला १९८० चा जन्म. सेनरॅब नावाच्या पोरांच्या क्लबमध्ये खेळून वर आला. जॉन टेरीही तिथलाच. दोघं एकाच मैदानावर वाढले, दोघं सेंटर बॅक झाले, दोघं लंडनच्या दोन क्लबांचे कॅप्टन झाले, टेरी चेल्सीचा आणि हा टॉटनहॅमचा. पुढे टॉटनहॅमचे प्रेक्षक तर गाऊनच सांगायचे की आमचा एका गुडघ्यावर टेरीपेक्षा भारी आहे. हे क्लबच्या प्रेमातलं बोलणं, त्याला तराजू लावायचा नाही.

पहिला सामना १ मे १९९९ ला, तोही अ‍ॅनफिल्डवर, लिव्हरपूलविरुद्ध. ३-२ असे हरले. जॉर्ज ग्रॅहॅम मॅनेजर होता. सुरुवातीला त्याला बऱ्याचदा मिडफिल्डमध्ये खेळवत. त्यातूनच ती गंमत झाली. ९ डिसेंबर २००० रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावर सामना सुरू होऊन दहा सेकंदही झाले नव्हते आणि याने गोल केला. प्रीमियर लीगमधला सगळ्यांत झटपट गोल. शिअरर, ऑन्री, ओवेन असले गोलंदाज, म्हणजे गोल करणारे म्हणतोय मी, सगळे त्या लीगमध्ये असताना हा विक्रम अठरा वर्षांहून जास्त काळ एका डिफेंडरच्या नावावर राहिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये साउदम्प्टनच्या शेन लाँगने तो मोडला. सामना मात्र ३-३ सुटला होता. म्हणजे गोल करूनही किंगच्या वाट्याला एकच गुण.

मग २००१ चा उन्हाळा. सोल कॅम्बेल, टॉटनहॅमचा कॅप्टन, करार संपल्यावर थेट आर्सेनलला गेला. क्लबला एक पैसा मिळाला नाही. आणि गेला तोही कुठे, शेजारच्या वैऱ्याकडे. टॉटनहॅमच्या लोकांनी ते कधी माफ केलं नाही. कॅम्बेलची जागा पडली किंगच्या अंगावर. वय वीस. या पोराने त्यावर भाषणं ठोकली नाहीत, बदल्याची भाषा केली नाही. जाऊन त्या जागेवर उभा राहिला आणि पुढची अकरा वर्षं तिथेच राहिला.

झोप येतेय. उरलेलं उद्या.

सोमवार

सकाळी गर्दी. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा इंग्लंडचा २००४ चा फ्रान्सविरुद्धचा सामना पुन्हा लावला. युरो कप, लिस्बन, १३ जून. टेरी जखमी होता म्हणून किंगला आत घेतलं. समोर थिएरी ऑन्री, त्या वेळचा जगातला बहुधा सगळ्यांत धोकादायक फॉरवर्ड. आणि किंगच्या शेजारी कोण? सोल कॅम्बेल. तीन वर्षांपूर्वी ज्याची जागा भरायला लागली, त्याच्याच खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. नियतीला असला चावटपणा बरा सुचतो.

किंग काय करतो ते बघण्यासाठी चेंडूकडे दुर्लक्ष करावं लागतं. ऑन्री डावीकडे सरकतो, आत वळायला बघतो. बहुतेक डिफेंडर अशा वेळी दोन चुका करतात. एकतर हात घालतात, शर्ट धरतात, कोपर लावतात. नाहीतर घाईने पाय घालतात, आणि ऑन्री तर त्याचीच वाट बघत असतो. किंग यातलं काहीच करत नाही. थोडा तिरका उभा राहतो, गुडघे किंचित वाकलेले, वजन दोन्ही पायांच्या चवड्यांवर. समोरचा जिथे जाणार तिथे अर्धं पाऊल आधीच सरकलेला असतो. मग चेंडू काढून घेतो तेव्हा वाटतं, यात काय अवघड होतं? ऑन्रीने स्वतः त्याच्याबद्दल सांगून ठेवलंय की इंग्लंडमध्ये पकडापकडी न करता चेंडू काढून घेणारा हा एकच डिफेंडर होता. ज्याला रोज कोणी ना कोणी धरत होतं, त्याची ही साक्ष आहे.

तो सामना इंग्लंड हरलं. लॅम्पार्डचा गोल झाला होता, बेकहॅमची पेनल्टी फ्रान्सचा गोलकीपर बार्तेझने अडवली, तरी नव्वद मिनिटं होईपर्यंत १-० होते. मग भरपाईच्या मिनिटांत झिदानने आधी फ्री किक आणि मग पेनल्टी घातली, १-२. पहिल्या गोलची फ्री किक हेस्कीच्या फाउलमुळे, दुसऱ्याची पेनल्टी जेरार्डच्या आखूड बॅक पासमुळे. किंगच्या खात्यात काही नाही. पण हरलेल्या सामन्यातला डिफेंडर कोणाच्या लक्षात राहतो?

मला हा सामना महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. ‘गुडघा गेला, पळता येईना, म्हणून किंग डोक्याने खेळायला शिकला’ असं जो तो लिहितो. ऐकायला छान, पण खरं नाही. लिस्बनमध्ये तो तेवीस वर्षांचा आहे, पाय ठणठणीत आहेत, आणि तेव्हाही अगदी तसाच खेळतोय. दुखण्याने त्याला शहाणं केलं नाही. तो शहाणा होताच. दुखण्याने त्याच्याकडून बाकीचं सगळं काढून घेतलं तेव्हा हे शहाणपण तेवढं शिल्लक राहिलं.

आणि पळत नव्हता हेही चूक. त्याचा पुरावा ५ नोव्हेंबर २००६ चा, व्हाइट हार्ट लेनवरचा चेल्सीविरुद्धचा सामना. चेल्सीचा रॉबेन सुटलाय. समोर फक्त गोलकीपर रॉबिन्सन. किंग मागे. रॉबेन म्हणजे त्या काळात वाऱ्यासारखा पळणारा गडी, त्याला मागून गाठायचं म्हणजे वेडेपणा. आणि गाठलं तरी पुढे काय? पेनल्टी बॉक्समध्ये मागून घसरत पाय घालायचा, आणि इंचभर चुकला तर पेनल्टी वर लाल कार्ड. किंग गाठतो. हात कुठेही लावत नाही. घसरतो आणि नेमका चेंडू घेतो, माणूस नाही. मी हा तुकडा हळू करून, थांबवून, पुन्हा मागे नेऊन बघितला. शेवटच्या दोन पावलांत तो पावलाची लांबी कमी करतो, म्हणजे घसरण्याआधी शरीर खाली आणतो. तेवढ्या वेगात, तेवढ्या ताणात हे सुचणं! टॉटनहॅम २-१ जिंकले. लीगमध्ये चेल्सीला हरवायला त्यांना १९९० नंतर सोळा वर्षं लागली होती.

त्याच वर्षी पायाचं हाड मोडून त्याचा जर्मनीतला वर्ल्ड कप हुकला होता. डाव्या गुडघ्याचं रडगाणं त्यानंतर वाढतच गेलं.

गुरुवार

आज एक पोरगा आला. मूळचा कोल्हापूरचा, तालमीच्या संघाकडून बॅकला खेळतो. गुडघा टम्म सुजलेला. एमआरआयचा कागद पुढे केला आणि म्हणाला, ‘सर, फायनलपुरतं तेवढं बघा की.’ वडील शेजारी बसले होते, ते काहीच बोलेनात. त्याची कूर्चा अजून शाबूत आहे, फाटलाय तो मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधली गादी. त्याला ऑर्थोकडे पाठवला. रागावून गेला. फायनल खेळणार, मला माहीत आहे.

यावरून पुन्हा लेडली.

आमच्याकडे येणारे आजी-आजोबा म्हणतात, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं.’ किंगचं जे झालं ते याच जातीचं, पण पंचविशी-तिशीच्या माणसाला. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तवाहिन्या नसतात. कातडी फाटली तर भरते, हाड मोडलं तर जुळतं, ही कूर्चा मात्र झिजली की बहुतेक झिजलीच. मग हाडावर हाड घासतं. हॅरी रेडनॅप मॅनेजर असताना हेच सांगायचा की शस्त्रक्रिया करायला आत काही उरलेलंच नाही, सामना झाला की गुडघा सुजतो आणि उतरायला सात दिवस लागतात.

सात दिवस. प्रेक्षकाला हा आकडा कौतुकाचा वाटतो. मला त्यामागचं वेगळंच दिसतं. गुडघ्यात पाणी झालं की मांडीचा पुढचा मोठा स्नायू आपोआप ढिला पडतो. माणसाने कितीही जोर लावला तरी मेंदू त्याला पुरतं काम करू देत नाही, सांध्याचं रक्षण म्हणून. म्हणजे ज्या स्नायूने गुडघा सांभाळायचा तोच दर सामन्यानंतर रजेवर जातो. सूज उतरेपर्यंत त्याला पुन्हा उभा करता येत नाही. उभा केला की शनिवार आलेला असतो. किंगचा आठवडा असा जायचा. संघ मैदानावर सरावाला, हा जिममध्ये नाहीतर तरणतलावात. पाणी का, तर कमरेइतक्या पाण्यात अंगाचं वजन निम्म्यावर येतं, छातीपर्यंत गेलात तर आणखी कमी. स्नायू चालतात, सांध्यावर भार नाही.

आणि मग शनिवारी प्रीमियर लीग. सेंटर बॅकच्या जोडीचं सगळं गणित सरावात बसतं: रेषा कधी वर न्यायची, कोणी चेंडूवर जायचं, कोणी मागे सांभाळायचं, कॉर्नरला कोणाचा माणूस कोणता. किंगचा जोडीदार डॉसन आठवडाभर दुसऱ्याच कोणाबरोबर हे घोटायचा आणि सामन्यात शेजारी किंग. तरी दोघांचं जमायचं. हे मला अजूनही पुरतं उलगडलेलं नाही. डॉसनचं नाव या गोष्टीत कोणी घेत नाही, घ्यायला हवं.

अशा गुडघ्यावर त्याने जे मिळवलं तेही थोडं नाही. २४ फेब्रुवारी २००८ ला वेम्बलीवर लीग कपची फायनल, समोर चेल्सी. चेल्सीच्या द्रोग्बाची फ्री किक, मग टॉटनहॅमकडून बर्बातोव्हची पेनल्टी, जादा वेळेत वुडगेटचं डोकं, २-१. कॅप्टन म्हणून किंगने कप घेतला. त्याच्या जोडीला वुडगेट, जो स्वतः दुखापतींच्या पायी अख्खा एक हंगाम रेआल माद्रिदमध्ये बसून काढलेला. अशी ही बॅकची जोडी! कुठल्याही क्लबच्या फिजिओला रात्री झोप लागू नये. मग मे २०१० मध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर क्राउचच्या एका गोलवर जिंकून टॉटनहॅम चौथे आले आणि युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगला पात्र ठरले. त्या रात्रीही किंग होता.

पण इथेच सगळं उलटं फिरलं. चॅम्पियन्स लीग म्हणजे आठवड्यात दोन सामने. ज्या माणसाला सात दिवस लागतात त्याच्यासाठी हे बक्षीस नव्हतं. पुढच्या हंगामात तो लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतका दिसला. संघाला ज्या पायरीवर चढवलं तिथे त्याला स्वतःला उभं राहता येईना.

मधल्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिका. इंग्लंडचा मॅनेजर फॅबिओ कापेलोने त्याला वर्ल्ड कपला नेला. पहिला सामना अमेरिकेविरुद्ध, रस्टनबर्ग, १२ जून. हाफ टाइमला किंग बाहेर, जांघेत दुखापत, आणि त्याच्या जागी कॅरॅगर. त्या सामन्याबद्दल सगळे गोलकीपर रॉबर्ट ग्रीनच्या हातून निसटलेल्या चेंडूविषयी बोलतात. मी त्या जांघेविषयी बोलेन. एक सांधा वर्षानुवर्षं नीट चालत नसला की त्याचं काम वरचे-खालचे स्नायू ओढून नेतात, आणि कधीतरी तेही बिल पाठवतात. वर्ल्ड कपमध्ये चार-पाच दिवसांनी सामना असतो. हे गणित कापेलोच्या लोकांना माहीत नसेल असं नाही. तरी नेला. २१ सामन्यांवर त्याचं इंग्लंडचं खातं बंद झालं.

जुलै २०१२ मध्ये त्याने खेळणं थांबवलं. वय एकतीस. सगळी कारकीर्द एकाच क्लबकडे. क्लबने त्याला राजदूत केलं. पुढे २०२० मध्ये तो तेव्हाच्या मॅनेजरच्या, मोरिन्योच्या मदतनिसांत गेला, बचावाचा सराव घ्यायला. आयुष्याची कितीतरी वर्षं सरावाच्या मैदानाबाहेर काढलेला माणूस शेवटी तिथेच शिट्टी घेऊन उभा राहिला, हे मला फार आवडलं.

लोक विचारतात, गुडघा धड असता तर तो केवढा मोठा झाला असता? या जर-तरमध्ये मला रस नाही. सव्वातीनशेच्या आसपास सामने तो खरोखर खेळलाय, ते बघायला कोणाला वेळ नाही आणि न खेळलेल्यांवर मात्र तासन्‌तास चर्चा.

मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे, माझ्या धंद्यातला. त्याला खेळू द्यायला हवं होतं का? चालताना आयुष्यभर दुखणार हे ठाऊक असताना? इंग्लंडच्या वैद्यकीय पथकात असतो तर रस्टनबर्गला जाऊ दिला नसता, यात मला शंका नाही. टॉटनहॅममध्ये असतो तर? तिथे उत्तर इतकं सरळ येत नाही. आठवड्याला एकच सामना, त्याला सगळं समजावून सांगितलेलं, आणि तो तरी खेळायचंच म्हणतोय. मी बहुतेक कागदावर सही केली असती. आणि रविवारी सकाळी सुजलेला गुडघा हातात घेतल्यावर स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या असत्या.