बादली भरलेलीच

रात्री अकराला पाहिलं, तर बादली जशीच्या तशी भरलेली. माझ्या घोडीनं, बिजलीनं, तोंड जवळ नेलं, हुंगलं आणि मान फिरवली. संध्याकाळपासून तिसऱ्यांदा.

सारंगखेड्याला, तापीकाठी, दत्तजयंतीच्या यात्रेत पाण्याला काय तोटा? मला वाटलं, थंडी आहे, तहान नसेल. सकाळी रेवाल चालीची, म्हणजे स्वाराला हिसका न देणाऱ्या चालीची, स्पर्धा म्हणून हरभऱ्याचा तोबरा मात्र जरा जास्तच भरला होता.

शेजारच्या तंबूतले धुळ्याकडचे काका उठून आले. तिच्या खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश जागेवर आली, म्हणजे अंगात पाणी कमी. हिरडीवर बोट दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भाऊ, दाणा घरचा आणला, मग पाणी का नाही?"

त्यांच्याकडे घरच्या पाण्याचे कॅन होते. थोडं घरचं, थोडं इथलं, वर गुळाचा खडा. गुळाची सवयही घरीच आठवडाभर आधी लावायची, म्हणजे परक्या पाण्याची चव ओळखीची होते. त्यांनी दिलेली बादली बिजलीनं तळापर्यंत संपवली. मी तोबरा काढला, सुकं गवत टाकलं आणि उशाशी बसून राहिलो.

घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेला कोरडा दाणा पोटशूळ होऊन जिवावर बेततो. हे मला माहीत होतं. तरी गाडी भरताना झूल आठवली, लगाम आठवला, घुंगरू आठवले.

सकाळी तिला स्पर्धेत उतरवलं नाही. मुक्कामाला जाताना तुम्ही पाण्याचं काय करता?